हवेपेक्षा जड

जुन्या भोपाळात रात्रीची जेवणं आटोपली की माणसं पटियांवर येऊन बसतात. पटिया म्हणजे दुकानापुढे किंवा घराच्या दाराशी बसवलेली दगडी फळी. दिवसा तिच्यावर गिऱ्हाईक टेकतं, रात्री मैफल जमते. कुणी बुद्धिबळाचा पट मांडतं, कुणी चहा मागवतं, आणि ‘को खाँ’ अशी हाक देत एकजण काल घडलेलं काहीतरी सांगायला घेतो. या गप्पांना इथे बतोलेबाजी म्हणतात. सांगणारा फार शिकलेला असो वा नसो, कुठे थांबायचं, कुणाचा आवाज काढायचा आणि तेव्हा किती वाजले होते हे कोणत्या क्षणी सांगायचं, ते त्याला बरोबर कळतं. कारण समोर बसलेला सारखा विचारत असतो, ‘फिर?’

हाच माणूस लिहायला बसला की पहिलं वाक्य उमटतं, ‘भोपाळ ही मध्य प्रदेशची राजधानी असून ते तलावांचे शहर म्हणून ओळखले जाते.’ पटियावरचा आवाज गेलेला असतो. वाचणाऱ्याला ते शहर आणि ते तलाव आधीपासून ठाऊक असतात, लिहिणाऱ्यालाही ठाऊक असतात, आणि तरीही दोन पानं भरतात. पटिया आणि कागद यांच्यामध्ये काय हरवतं, याचा मी बरीच वर्षं विचार करते आहे. माझं उत्तर साधं आहे. कागदापुढे ‘फिर?’ विचारणारं कुणी नसतं. नव्याने लिहू लागणाऱ्याने तो प्रश्न स्वतः बरोबर नेला पाहिजे. नेला, तर शैलीची फारशी काळजी करावी लागत नाही.

मी भोपाळात वाढलेली मराठी बाई आहे. शनिवारी दुपारी माझ्याकडे पाचसहा जण आपापलं लेखन घेऊन येतात. त्यात निवृत्त मंडळी आहेत, नोकरी सांभाळून लिहिणारी एक आई आहे आणि कॉलेजातली मुलं आहेत. गेल्या वर्षी एका मुलीने बड्या तालाबावर दोन पानं लिहून आणली. राजा भोज, अकरावं शतक, संध्याकाळचं सूर्यबिंब, होड्या. सगळं खरं होतं आणि तिचं त्यात काहीच नव्हतं. मी विचारलं, ‘तलावाबद्दल तुला काय माहीत नाही?’

ती गप्प बसली. मग म्हणाली, ‘काकू, पावसाळ्यात पेपरात रोज तलावाचा आकडा येतो. बाबा चहा पिताना आधी तोच बघतात. १६६६.८० झाला का, विचारतात. तो आकडा कशाचा ते मला माहीत नाही.’

तिचा लेख तिथे सुरू झाला. तो आकडा फुटांचा आहे, समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचा. पाणी तिथपर्यंत चढलं की तलाव पूर्ण भरला असं मानतात, आणि मग भदभदा धरणाचे दरवाजे उघडायची वेळ येते. हे धरण १९६५ सालचं आहे आणि त्याला अकरा दरवाजे आहेत. दरवाजे उघडले की निम्मं शहर ते बघायला लोटतं. पण तिला खरं नवल वाटलं ते पुढच्या गोष्टीचं. भोपाळात धो धो पाऊस पडला तरी तलाव फारसा हलत नाही. तो भरतो कोलांस नदीने, आणि कोलांस येते सीहोरच्या बाजूने. तलावाचं पाणी सुमारे ३१ चौरस किलोमीटरवर पसरलेलं आहे, तर पाणलोट क्षेत्र ३६१ चौरस किलोमीटर आहे, म्हणजे जवळपास बारापट. तिचे बाबा चहाच्या कपाशी बसून जो आकडा बघतात, तो सीहोरच्या शेतांवर पडलेल्या पावसाचा असतो. हे वाक्य तिने स्वतः लिहिलं. मी फक्त ते दहाव्या ओळीवरून पहिल्या ओळीत आणायला सांगितलं.

‘विषय’ हा शब्द नवख्या लेखकाला फार छळतो. विषय सुचत नाही, सुचला तर मोठा वाटतो, आणि मोठ्या विषयावर आपल्याआधी शेकडो जणांनी लिहिलेलं असतं. प्रश्न तसा नसतो. तो आपल्या घरातला, गल्लीतला, आपल्याला खरोखर पडलेला असतो, आणि त्याचं उत्तर मिळवायला पायपीट करावी लागते. ही पायपीट म्हणजेच लेखाचा कच्चा माल. तलावावर लेख लिहिणं अवघड आहे; एका आकड्याचा पाठलाग करणं कुणालाही जमतं.

या शहरात अशा पाठलागाचं सर्वांत मोठं उदाहरण घडलं, ते एका छोट्या साप्ताहिकात.

राजकुमार केसवानी भोपाळचेच. जन्म १९५० चा. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ते ‘रपट’ नावाचं हिंदी साप्ताहिक चालवत होते. खप मामुली, माणसं मोजकी, पैसा जेमतेम. आज एखादा तरुण एकट्याच्या बळावर लिहून लोकांपुढे ठेवतो, तसंच ते काम होतं, फक्त मध्ये छापखाना होता. डिसेंबर १९८१ च्या शेवटच्या आठवड्यात युनियन कार्बाइडच्या कारखान्यात फॉस्जीन वायूची गळती झाली आणि मोहम्मद अशरफ खान हा कामगार दगावला. केसवानी त्याला ओळखत होते. कामावर गेलेला ओळखीचा माणूस परत आला नाही. तो कशाने गेला? एवढाच प्रश्न होता.

वृत्तपत्रांत अपघाताची बातमी येते आणि दुसऱ्या दिवशी जुनी होते. केसवानींनी प्रश्न जुना होऊ दिला नाही. रसायनशास्त्राची पार्श्वभूमी नसताना ते वायू समजून घ्यायला बसले. आत काम करणाऱ्यांशी बोलले, काम सोडलेल्यांशी बोलले, कागदपत्रं मिळवली. कित्येक महिने असे गेले. मग १७ सप्टेंबर १९८२ च्या अंकात पहिला लेख आला. शहराला वाचवा, अशी त्याच्या शीर्षकातच विनवणी होती. १ ऑक्टोबरच्या दुसऱ्या लेखात भोपाळ ज्वालामुखीच्या तोंडाशी बसलं आहे, असा इशारा होता. त्यानंतर चारच दिवसांनी कारखान्यात पुन्हा गळती झाली आणि आसपासच्या वस्त्यांतले लोक घरं सोडून पळाले. ८ ऑक्टोबरला तिसरा लेख आला. केसवानींनी मुख्यमंत्र्यांना पत्रही लिहिलं. त्या डिसेंबरात विधानसभेत प्रश्न निघाला, तेव्हा कामगारमंत्र्यांच्या उत्तराचा आशय असा होता की कारखान्यात कोट्यवधींची गुंतवणूक आहे, तो काही इथून उचलून तिथे ठेवायचा दगड नव्हे.

१६ जून १९८४ रोजी ‘जनसत्ता’त, म्हणजे दिल्लीच्या मोठ्या दैनिकात, त्यांनी तोच इशारा पुन्हा दिला. अमेरिकेहून आलेल्या तीन तज्ज्ञांनी मे १९८२ मध्ये कारखान्याची तपासणी करून धोके नोंदवले होते, त्या अहवालाचा आधार यावेळी हाताशी होता. साडेपाच महिन्यांनी, २ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री, ६१० क्रमांकाच्या टाकीतून सुमारे चाळीस टन मिथाइल आयसोसायनेट शहरावर पसरलं.

हे लिहिताना माझा हात आजही जड होतो. पण लेखनाच्या बाजूने बघायचं तर केसवानींच्या शोधातला एक तपशील मी प्रत्येक नवख्यापुढे ठेवते. हे वायू हवेपेक्षा जड असतात. रसायनशास्त्राच्या पुस्तकात ही एक कोरडी नोंद आहे. हवेचा सरासरी रेणुभार सुमारे २९, मिथाइल आयसोसायनेटचा ५७, फॉस्जीनचा ९९. म्हणजे पहिला वायू हवेच्या दुप्पट जड आणि दुसरा तिपटीहून अधिक. विद्यार्थी हे पाठ करतो आणि परीक्षेत लिहितो. लिहिणाऱ्याने इथे थांबून स्वतःला विचारायचं असतं, ‘फिर?’ जड असला तर काय होईल? धुरासारखा वर जाणार नाही. जमिनीलगत सरकेल. उतार शोधेल. दाराच्या फटीतून आत येईल. आत खाटेवर झोपलेल्याच्या आधी जमिनीवर झोपलेल्याला गाठेल. कारखान्याच्या समोरच दाटीची वस्ती होती, आणि तिथल्या झोपड्यांत पुष्कळजण जमिनीवरच झोपत.

पुस्तकातली नोंद आणि झोपडीतली सतरंजी यांच्यामध्ये चार-पाच प्रश्नांचं अंतर असतं. माहितीपर लेखन म्हणजे ते अंतर चालून जाणं. नवखा लेखक आकडा देतो आणि पुढच्या आकड्याकडे वळतो. त्याला वाटतं, माहिती जास्त असली की लेख भरदार होतो. लेख भरदार होतो तो एखाद्या माहितीपाशी पुरेसा वेळ थांबल्याने. दहा गोष्टी सांगण्यापेक्षा एक गोष्ट शेवटपर्यंत सांगितलेली वाचणाऱ्याच्या लक्षात राहते.

आणखी एक. केसवानींचे ते लेख वाचून त्या वेळी कारखाना हलला नाही. पुढे त्यांना गोएंका पुरस्कार मिळाला, जगाने त्यांचं नाव घेतलं, पण १९८२ मध्ये त्यांच्या वाट्याला आली ती शांतता. लिहायला लागलेल्या माणसाला सर्वांत आधी भेटते ती हीच शांतता. चार जणांनी वाचलं, दोघांनी ‘छान’ म्हटलं, संपलं. त्या वेळी टिकवून धरतो तो प्रश्नच. कौतुकासाठी लिहिणारा तिसऱ्या लेखानंतर थांबतो. उत्तर हवं असलेला थांबू शकत नाही. केसवानी २१ मे २०२१ रोजी कोविडने गेले. त्याआधीची बरीच वर्षं ते ‘दैनिक भास्कर’मध्ये जुन्या चित्रपटसंगीतावर एक अत्यंत लोभस सदर लिहीत होते. गाण्याच्या गोष्टीतही त्यांची चौकशी तितकीच कसून असायची. ते कुणी गायलं, कोणत्या साली, कुणाच्या घरी बसून चाल लागली, हे सगळं ते खणून काढत. गंभीर विषयाला एक प्रामाणिकपणा आणि हलक्या विषयाला दुसरा, असं त्यांच्याकडे नव्हतं.

प्रश्न कुठून मिळतात, असं मला हमखास विचारतात. बघण्यातून. भोपाळच्या दक्षिणेला पंचेचाळीस किलोमीटरवर भीमबेटका आहे. विष्णू श्रीधर वाकणकर हे नीमचमध्ये जन्मलेले, उज्जैनला राहिलेले मराठी संशोधक. १९५७ मध्ये ते रेल्वेने भोपाळकडे येत होते. खिडकीतून त्यांना डोंगरावरचे खडक दिसले आणि स्पेन-फ्रान्समधल्या चित्रांकित गुहांच्या खडकांसारखे वाटले. पुढे ते तिथे पायी गेले आणि सातशेहून अधिक शैलाश्रयांचा समूह जगापुढे आला. २००३ मध्ये युनेस्कोने तो जागतिक वारसा ठरवला. त्या रेल्वेमार्गावरून रोज हजारो माणसं जात होती आणि खडक सगळ्यांनाच दिसत होते. वाकणकरांनी त्यांची तुलना केली. ‘हे कशासारखं आहे?’ हा प्रश्न पडायला आधी काहीतरी वाचलेलं, पाहिलेलं असावं लागतं. म्हणून लिहिणाऱ्याने वाचायचं. सुभाषितं गोळा करायला नव्हे, खिडकीबाहेरच्या खडकाला तोलून बघता यावं म्हणून.

वही मात्र जवळ हवी. फोनमध्ये टिपलं तरी चालतं, पण त्याच क्षणी टिपायला हवं. माणूस जे बोलला ते त्याच्याच शब्दांत टिपावं, आपल्या शब्दांत नाही. ‘पाणी वाढले आहे’ आणि ‘पानी सीढ़ी चढ़ गया’ यांत किती अंतर आहे ते घरी गेल्यावर कळतं, आणि तेव्हा उशीर झालेला असतो. सरकारी आकडा हवा असेल तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. अर्जाची दहा रुपये फी भरून सामान्य माणूस नगर निगमला विचारू शकतो. मी पाहिलंय, मुलांना कथेचा आराखडा शिकायचा असतो, अर्ज लिहायचा नसतो. पण चांगला अर्ज लिहिता येणं हेही लेखनच आहे. काय हवंय हे एका परिच्छेदात नेमकं सांगावं लागतं.

भाषेबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण भोपाळच्या मराठी माणसाची इथे खास अडचण होते. आमची मराठी हिंदीच्या अंगाखांद्यावर वाढलेली. आम्ही ‘मला माहीत पडलं’ म्हणतो, ‘भाजी बनवली’ म्हणतो. मग लिहायची वेळ आली की न्यूनगंड येतो आणि पुण्याच्या पाठ्यपुस्तकातली वाक्यं उसनी आणली जातात. ‘सदर ठिकाणी’, ‘त्याचप्रमाणे’, ‘उल्लेखनीय बाब म्हणजे’. असं लिहिलेलं शुद्ध असतं आणि त्यात कुणाचाच श्वास नसतो.

अशा वेळी मी गोडसे भटजींची आठवण करून देते. विष्णुभट गोडसे पेणजवळच्या वरसईचे. व्यवसाय भिक्षुकीचा, घरावर कर्ज. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा मिळेल, असं कळल्यावर ते काकांबरोबर १८५७ मध्ये पायी उत्तरेकडे निघाले. महूच्या परिसरात पोचतात तोच बंडाची वार्ता कानी आली. पुढे ते ऐन वेढ्याच्या दिवसांत झाशीत सापडले. लूट, आग, लपाछपी यांतून जीव वाचवत फिरले आणि शेवटी गंगेची कावड खांद्यावर घेऊन घरी आले. त्या पाण्याने आईवडिलांना स्नान घातलं. या सगळ्याची हकिकत त्यांनी पुष्कळ वर्षांनी, १८८३ च्या सुमारास, चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून लिहून काढली. वैद्यांनी ती ‘माझा प्रवास’ या नावाने १९०७ मध्ये छापली. तिच्यात वैद्यांनी फेरफार केले होते. मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये आणली.

गोडसे भटजी लेखक नव्हते. त्यांनी आधी काही छापलं नव्हतं, नंतरही नाही. मग शंभराहून अधिक वर्षांनंतरही हे पुस्तक मराठीत इतकं जिवंत का? त्यांनी आपल्या बोलीत लिहिलं आणि आपल्या डोळ्यांना दिसलं ते लिहिलं. दक्षिणा किती मिळाली, कुणाच्या घरी काय जेवलो, कुठे लपलो, राणी कशी दिसत होती. इतिहासकार मोहिमा लिहितो. भिक्षुकाच्या नजरेतून झाशीचा वेढा फक्त भिक्षुकच लिहू शकतो. त्यांच्या पुस्तकात ऐकीव हकिकतीही पुष्कळ आहेत आणि त्या पडताळून घ्याव्या लागतात. पण पाहिलेलं कुठलं आणि कानावर आलेलं कुठलं, हे वाचताना बहुतेक वेळा उमगतं.

नवख्याने इतकं तरी पाळावं असं मला कळकळीने वाटतं. मी पाहिलं, मला अमक्याने सांगितलं, मी कागदावर वाचलं, मला असं वाटतं, या चार गोष्टी वाक्यातच वेगळ्या दिसू द्याव्यात. हल्ली त्या एकात एक मिसळून जातात. कुणीतरी पाठवलेला मजकूर ‘असं म्हणतात’च्या पांघरुणाखाली लेखात शिरतो आणि पुढचा माणूस तो खरा मानून पुढे नेतो. ज्या शहरात डिसेंबर १९८४ च्या त्या रात्रीनंतर अफवांनी लोकांना पुन्हा पुन्हा घराबाहेर पळवलं, तिथे लिहिणाऱ्याने याबाबतीत हयगय करू नये.

म्हणून भाषा उसनी नको. ‘माहीत पडलं’ सुधारून ‘कळलं’ करावं, ते मराठीच्या स्वभावाला धरून आहे. पण पटिया, बतोलेबाजी, भदभदा, ‘बडा तालाब’ हे शब्द आपल्या शहराचे आहेत; त्यांना मराठी प्रतिशब्द शोधत बसू नये. ‘दगडी आसन’ लिहिलंत की भोपाळ संपलं. शंका आली तर वाक्य मोठ्याने वाचावं. घरातल्या माणसाला तोंडी सांगताना जिथे जीभ अडखळेल तिथे दुरुस्ती हवी.

एकाच माणसाला उद्देशून लिहावं, हे मी लोकहितवादींकडून शिकले. गोपाळ हरी देशमुख पंचवीस वर्षांचे असताना, १८४८ मध्ये, त्यांनी भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात पत्रं लिहायला सुरुवात केली आणि दोनेक वर्षांत एकशे आठ पत्रं लिहिली. त्यांनी ग्रंथ लिहायला घेतला असता तर कदाचित तो अर्धवट राहिला असता. पत्र लहान असतं, त्यात एकच मुद्दा मावतो, आणि पत्राला समोर कुणीतरी लागतं. आजही एखाद्याचा लेख अडला तर मी सांगते, वर मावशीचं नाव घाल आणि तिला पत्र लिही. मावशीला ‘सदर ठिकाणी’ कुणी लिहीत नाही. मावशीला भदभदा माहीत नसेल तर तो कुठे आहे ते आपोआप समजावून सांगितलं जातं. लेख झाला की मावशीचं नाव खोडायचं.

कापाकापीबद्दल फार काही सांगण्यासारखं नाही. पहिला परिच्छेद बहुधा लेखकाने स्वतःला धीर देण्यासाठी लिहिलेला असतो. तो काढून दुसऱ्यापासून लेख सुरू होतो का ते बघावं. दहापैकी सात वेळा होतो. लेख रात्रभर ठेवून सकाळी वाचावा. नावं, साल, आकडे पुन्हा एकदा तपासावेत. चूक निघाली तर ती लपवू नये, पुढच्या लेखात सांगून टाकावी.

नेमाचं मात्र वेगळं आहे. आपल्याच भोपाळात बरीच वर्षं राहिलेले हिंदी व्यंगलेखक शरद जोशी ‘नवभारत टाइम्स’मध्ये ‘प्रतिदिन’ हे सदर १९९१ मध्ये मृत्यू येईपर्यंत लिहीत राहिले. रोज एक छोटा लेख. इतकं आपल्याला जमणार नाही, जमायची गरजही नाही. पण महिन्यातून दोन म्हटलं तर दोन हवेतच. नेमाने लिहिणाऱ्याला प्रश्न आपोआप दिसू लागतात, कारण पुढची तारीख जवळ आलेली असते.

नेम मोडतो तो बहुतेक वेळा पैशापायी, हेही खरं. माधवराव सप्रे हे दमोह जिल्ह्यातल्या पथरियात जन्मलेले मराठी भाषक. हिंदीत लिहिण्याची त्यांची निवड पूर्ण जाणीवपूर्वक होती. १९०० च्या जानेवारीत त्यांनी पेंड्रा या लहानशा गावातून ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक काढलं. साथीला रामराव चिंचोलकर आणि वामनराव लाखे. गावात छापखाना नव्हता, अंक बाहेरगावाहून छापून यायचा. पुस्तकांची परखड परीक्षणं या मासिकात येत, आणि हिंदी समीक्षेच्या इतिहासात त्यांचा मान मोठा आहे. तीन वर्षांत तोटा सोसवेना, मासिक बंद पडलं. सप्रे थांबले नाहीत. पुढे त्यांनी नागपूरहून ‘हिंदी केसरी’ काढलं आणि लोकमान्यांचं ‘गीतारहस्य’ हिंदीत आणलं. एक पत्र बंद पडणं म्हणजे लेखन बंद पडणं नव्हे, हे त्यांच्याकडे पाहून कळतं.

सप्र्यांच्या नावाचं वृत्तपत्र संग्रहालय भोपाळात आहे. १९ जून १९८४ रोजी, त्यांच्या जन्मदिनी, विजयदत्त श्रीधर यांनी ते सुरू केलं. ‘जनसत्ता’त केसवानींचा तो इशारा छापून आल्याला तेव्हा तीन दिवस झाले होते. मी माझ्या मंडळींना तिथे घेऊन जाते. जुन्या पत्रांची पिवळी पानं उलटताना त्यांचा चेहरा बदलतो. कोपऱ्यातला एखादा चौकोन, कुणीतरी गावाकडून पाठवलेला चार ओळींचा मजकूर, विहिरीचं पाणी आटल्याचा, पुलाच्या कमानीला तडा गेल्याचा. लिहिणाऱ्याचं नावही नसतं. पण त्या गावात त्या वर्षी विहीर आटली होती हे आज कळतं ते त्याच्याचमुळे.

तलावावर लिहिणारी मुलगी यंदाच्या जुलैत पुन्हा आली. या वेळी लेख नव्हता, वही होती. रविवारी ती बाबांना घेऊन सीहोरच्या वाटेवर गेली होती, कोलांसच्या पुलापर्यंत. पाऊस नुकताच उघडला होता आणि नदी गढूळ, भरून वाहत होती. तिथे गुरं राखणाऱ्या एका म्हाताऱ्याशी ती बोलली. वहीत त्याची तीन वाक्यं त्याच्याच बोलीत उतरवली होती, आणि खाली तिचे तीन प्रश्न होते. या पुलाखालचं पाणी भदभदापर्यंत पोचायला किती तास लागतात? पाण्याबरोबर शेतांतली माती किती जाते, आणि ती तलावाच्या तळाशी बसत असेल तर १६६६.८० या आकड्याखाली पाणी दरवर्षी थोडं थोडं कमी होतंय का? आणि त्या म्हाताऱ्याला माहीत आहे का, की त्याच्या गुरांच्या चराऊ रानावर पडलेला पाऊस शहरात एक माणूस चहा पिताना रोज मोजतो?

तिसरा प्रश्न तिने त्याला विचारला नव्हता. पुढच्या रविवारी जाऊन विचारणार आहे.